जबाब कोण लिहून घेणार?

उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की मराठी विभागाच्या खोलीत साधारणपणे दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे हसू. दुसरी, 'हा विज्ञानकथेचा प्रांत, नारळीकरांच्या वाचकांनी तो पाहावा', अशी सभ्य टोलवाटोलवी. दोहोंच्या मुळाशी गृहीतक एकच आहे. आकाशात काही दिसले असे सांगणाऱ्या माणसाचे सांगणे हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असे आपण मानून चाललो आहोत. आमचा आक्षेप या गृहीतकाला आहे. आकाशात काय होते हे ठरवण्याची साधने आमच्यापाशी नाहीत आणि तो आमचा अधिकारही नव्हे. परंतु एका कुटुंबाने काही पाहिले, ते शब्दांत सांगितले, कोणा अधिकाऱ्याने ते कागदावर उतरवले, उतरवताना बदलले, आणि वर्तमानपत्राने त्या बदललेल्या शब्दांना मथळा दिला, या साखळीतला पहिला दुवा वगळला तर बाकीचे सगळे दुवे भाषेचे आहेत. ते तपासायचे नसतील तर वाङ्मयाच्या विभागांनी नेमके तपासायचे तरी काय?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. लष्कर, आणि लष्कराच्या वळणाने चालणाऱ्या सरकारी यंत्रणा, अशा घटनांची चौकशी करतात तेव्हा 'यात धोका आहे काय' एवढाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर मिळाले की साक्षीदाराचे वाक्य निरुपयोगी ठरते आणि टाकून दिले जाते. ते वेचून जपून ठेवणे हे ज्यांचे काम, त्यांनी ते आजवर केलेले नाही.

लष्करी चौकशीचा नमुना म्हणून अमेरिकेतील हिल दांपत्याचे प्रकरण पाहावे. १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री बार्नी आणि बेटी हिल सहलीहून मोटारीने न्यू हॅम्पशायरमधील आपल्या घरी परतत होते. बार्नी टपाल खात्यात नोकरीला, बेटी समाजकल्याणाच्या कामात. तो कृष्णवर्णीय, ती गोरी. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांना आकाशात एक प्रकाश दिसला, तो आपल्या मागोमाग येतो आहे असे वाटले, बार्नीने गाडी थांबवून दुर्बिणीतून पाहिले. २१ तारखेला बेटीने जवळच्या पीझ हवाई तळाला दूरध्वनी केला. तिथल्या मेजर पॉल हेंडरसन यांनी दूरध्वनीवरच विचारपूस करून अहवाल तयार केला आणि तो अमेरिकी वायुदलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या प्रकल्पाकडे गेला. त्या फायलीत निरनिराळ्या टप्प्यांवर गुरू ग्रह, वातावरणातील थरांमुळे होणारा दृष्टिभ्रम आणि 'अपुरी माहिती' अशी उत्तरे नोंदलेली आहेत.

ही तीन उत्तरे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. पहिले म्हणते, तुमची ओळखण्यात चूक झाली. दुसरे म्हणते, हवेने तुम्हाला फसवले. तिसरे म्हणते, तुम्ही पुरेसे सांगितले नाही. चौकशी दूरध्वनीवर उरकायची आणि अपुरेपणा मात्र सांगणाऱ्याच्या माथी मारायचा, ही या तिसऱ्या उत्तराची खुबी आहे. शिवाय सांगणे अपुरे का राहिले याचे कारणही नोंदलेले आहे. आपल्याला वेड्यात काढतील या भीतीने हिल दांपत्याने पाहिलेल्यापैकी काही भाग तळाला सांगितलाच नव्हता. चौकशीचा धाक असा की साक्षीदार स्वतःच आपल्या साक्षीवर कात्री चालवतो, आणि मग चौकशी अधिकारी म्हणतो की कापड कमी पडले.

पुढे १९६४ मध्ये डॉ. बेंजामिन सायमन यांनी या दोघांना संमोहनाखाली बोलते केले आणि त्यातून अपहरणाची ती प्रसिद्ध कथा निघाली. ही कथा बेटीच्या स्वप्नांतून घडली असावी, असे खुद्द सायमन यांचे मत होते. १९६६ मध्ये जॉन फुलर यांच्या पुस्तकाने ती जगभर नेली. १९६१ च्या फायलीतल्या कोरड्या शेऱ्याने आणि १९६६ च्या या भरगच्च आख्यानाने मिळून मधली एक गोष्ट गिळून टाकली, ती म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या दोन माणसांचे पहिले, न शिकवलेले बोलणे. तरी त्या देशात एक बरे झाले. हिल दांपत्याची कागदपत्रे न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेली आहेत. संशयवाद्याने जावे, श्रद्धाळूने जावे आणि वाचावे.

लष्कराचा हेतू कोणता होता हे आम्ही तर्काने सांगत नाही. जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची एक समिती बसवली होती. या प्रकाशांपासून देशाला थेट धोका नाही, असे समितीने सांगितले. धोका तिला दिसला तो लोकांच्या पत्रांचा आणि दूरध्वनींचा. अशा खबरांच्या गर्दीत शत्रूची खरी खबर अडकून पडेल, म्हणून लोकांची या विषयातील गोडी कमी करण्यासाठी प्रसारमाध्यमांतून प्रयत्न करावा, अशी शिफारस तिने केली. म्हणजे चौकशीचा विषय आकाश राहिला नाही, बोलणारी माणसे हाच चौकशीचा विषय झाला. १९६९ च्या डिसेंबरात ब्लू बुक बंद झाले तेव्हा हिशेब मांडला गेला: एकूण १२,६१८ नोंदी, त्यांपैकी ७०१ ओळख न पटलेल्या. ७०१ हा आकडा घेऊन गूढवादी नाचतात आणि उरलेले अकरा हजारांहून अधिक घेऊन विवेकवादी. त्या १२,६१८ नोंदींमागे किती माणसांचे किती तऱ्हेचे बोलणे होते, हे दोघांपैकी कोणाच्याही खिजगणतीत नसते.

आता शब्दाकडे वळू. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्या. त्यांची गती सांगताना त्याने उपमा दिली ती पाण्यावर भिरकावलेल्या बशीची, टप्पे घेत जाणाऱ्या बशीची. उपमा गतीची होती. वर्तमानपत्रांनी ती आकाराला चिकटवली आणि 'उडती बशी' जन्माला आली. त्यानंतर जगभर लोकांना बश्या दिसू लागल्या. मराठीने या बशीची 'तबकडी' केली. ग्रामोफोनमुळे हा शब्द घराघरांत पोहोचलेलाच होता. एका वार्ताहराच्या गैरसमजाने कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांना साचा पुरवला, याहून मोठा धडा अलंकारशास्त्राच्या तासाला कोणता देता येईल? उपमेचा साधारण धर्म बदलला की उपमेय बदलते, हे आपण विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देतो. इथे ते आकाशात घडले आहे.

दुसरा शब्द 'अज्ञात'. 'अज्ञात उडती वस्तू' असा पारिभाषिक शब्द आपण रूढ केला आणि त्यात एक घोटाळा करून ठेवला. मूळ इंग्रजी संज्ञेचा अर्थ 'ओळख न पटलेली' एवढाच आहे. 'अज्ञात' म्हटले की गूढाचा दरवाजा उघडतो. 'ओळख न पटलेली' म्हटले की पोलीस ठाण्याचा उघडतो. आपल्या पोलिसांपाशी यासाठी खणखणीत भाषा आहे. रेल्वेमार्गाशेजारी सापडलेला मृतदेह 'अनोळखी इसमाचा' असतो, त्याची 'ओळख पटलेली नसते', आणि म्हणूनच ती पटवण्याचे काम कोणावर तरी येते. अज्ञाताबाबत असे कोणावर काही येत नाही, नुसते हात जोडले की भागते. संज्ञेच्या या एका निवडीने मराठीत हा विषय तपासाच्या हद्दीतून उचलून अद्भुताच्या हद्दीत नेऊन टाकला.

आपल्या महाराष्ट्रात हे प्रश्न अंगणात येऊन पडले ते २ एप्रिल २०२२ रोजी. गुढीपाडव्याची संध्याकाळ होती. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून गुजरात-मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारे प्रकाशाचे पट्टे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, मोकळ्या जागेवर सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन आदळले. नंतर परिसरात धातूचे गोळेही सापडले. पोलीस आले, महसूल खाते आले, काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च ३ बी' अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परतणार होता आणि त्याचा मार्ग या प्रकाशरेषेशी जुळतो, असे अवकाशयानांचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले. या स्पष्टीकरणाबद्दल आमच्या मनात शंका नाही.

शंका आहे ती पुढच्या गोष्टीबद्दल. गावातल्या एका बाईंनी इंग्रजी वृत्तपत्राला हकीकत सांगितली आणि वृत्तसंस्थेने ती जगभर पोहोचवली. गावजेवणाची तयारी चालली होती, आकाश एका लाल तबकडीने पेटले, ती मोठा आवाज करून पडली, स्फोट होईल या भीतीने लोक घरांत शिरले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत, असा तिचा आशय. इंग्रजी मजकुरात त्या वस्तूला तबकडीच्या अर्थाचा शब्द आहे. सिंदेवाहीकडच्या बाईच्या तोंडी तो शब्द कोणता होता? थाळी? चाक? कडे? परात? की खरोखरच तबकडी? पहिले चार शब्द तिच्या स्वयंपाकघरातले आणि वावरातले आहेत, पाचवा आपण वर्तमानपत्रांतून तिला दिलेला. ती पाचवा बोलली असेल तर १९४७ च्या त्या वार्ताहराची चूक पंचाहत्तर वर्षांनी लाडबोरीपर्यंत येऊन पोहोचली असे म्हणावे लागेल. पहिल्या चारांपैकी एखादा बोलली असेल तर एका मराठी बाईने आपल्या डोळ्यांनी पाहून केलेली ताजी उपमा इंग्रजीत जाताना मेली. यांपैकी काय झाले हे मराठीच्या अभ्यासकाला कळायला हवे होते. त्या आठवड्यात तिथे कडे मोजायला माणसे गेली, गोळे उचलायला गेली. तिचे वाक्य उतरवायला कोणता मराठी विभाग गेला?

अवकाशात सोडलेल्या वस्तू परत करण्याबाबत १९६८ सालचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. कोणाच्या भूमीवर परक्या देशाची अशी वस्तू पडली तर त्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचे, असे त्यात ठरलेले आहे. धातूच्या तुकड्याला स्वगृही परतण्याचा हक्क आहे. तो पडताना पाहणाऱ्या बाईच्या वाक्याला कोणत्याही दप्तरात राहण्याचा हक्क नाही.

कोणी म्हणेल, अडाणी खेडुतांच्या बोलण्याला इतके महत्त्व कशाला? प्रशिक्षित डोळ्यांची साक्ष घ्या. घेऊ. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी आकाशात फिरणाऱ्या प्रकाशबिंदूंच्या ३२९ नोंदी केल्याचे वृत्तपत्रांत आले होते. त्यांपैकी १५५ वेळा ते प्रकाश प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आले, अशी लष्कराची समजूत झाली. चिनी टेहळणी यंत्रे असावीत असा संशय होता. अखेर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारण्यात आले, आणि त्यांनी सांगितले की हे गुरू आणि शुक्र आहेत. उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रह अनोळखी वाटावेत इतके तेजस्वी दिसतात.

ही बातमी आली तेव्हा देशभर हशा पिकला. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. उलट दोन गोष्टी शिकण्यासारख्या दिसतात. एक, बंदूक खांद्यावर घेऊन रात्रभर जागणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा डोळा आणि गावजेवणाची भाजी चिरणाऱ्या बाईचा डोळा यांत श्रेणी लावता येत नाही; किंबहुना लाडबोरीत जे पडले ते खरोखरच परक्या देशाचे यान होते आणि लडाखमध्ये जे दिसले ते नव्हते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लडाखचे कोडे सुटले कारण नोंदी होत्या. प्रकाश केव्हा दिसला, कोणत्या दिशेला, किती वेळ, हे टिपलेले होते, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना ग्रहांच्या स्थितीशी ते ताडून पाहता आले. साक्षीदाराची थट्टा करून तो उलगडा झाला असता काय? त्याचे म्हणणे बारकाईने उतरवले, म्हणून झाला.

मात्र जवानांच्या नोंदी झाल्या त्या शत्रूच्या संशयापोटी. संशय फिटला की पुढे काय होते याचे उदाहरण इंफाळचे आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या विमानतळावर आकाशात काही दिसल्यामुळे काही तास उड्डाणे थांबवावी लागली, वायुदलाने राफेल विमाने शोधासाठी धाडली, काही सापडले नाही. ती छोटी वस्तू त्यानंतर दिसली नाही, असे वायुदलाच्या पूर्व कमांडने जाहीर केले. जनतेपुरते प्रकरण त्या एका वाक्यावर थांबले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना काय दिसले होते, हे त्या वाक्यात येत नाही. ते वाक्य वस्तूच्या अनुपस्थितीबद्दल आहे.

आमच्या विवेकवादी मित्रांची हरकत आम्हाला ठाऊक आहे. असे जबाब जमवून ठेवले तर भोंदूंच्या हाती कोलीत मिळेल, असे ते म्हणतात. त्यांच्या चळवळीचे महाराष्ट्रावर मोठे ऋण आहे, म्हणूनच त्यांना स्पष्ट सांगायला हवे. भोंदूला जबाब लागत नाही. त्याला जबाबाची अनुपस्थिती लागते. जिथे मूळ नोंद नाही तिथे तो हवी ती नोंद रचतो आणि 'सरकारने दडवले' असे म्हणतो, आणि सरकारने खरोखरच काही दाखवलेले नसल्यामुळे लोकांना ते पटते. फ्रान्सच्या राष्ट्रीय अवकाश संस्थेने १९७७ मध्ये या कामासाठी एक विभाग काढला. तिथे साक्षीदाराचा जबाब पोलिसांकडूनही घेतला जातो, शास्त्रज्ञ तो तपासतात, आणि २००७ पासून ही प्रकरणे नावे झाकून सर्वांना वाचायला खुली आहेत. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने २००९ मध्ये आपला असा कक्ष बंद केला, पण जुन्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात लोकांसाठी ठेवल्या. या देशांत त्यामुळे अंधश्रद्धेचा महापूर आला नाही. उलट हजारो प्रकाश फुगे, ग्रह, विमाने आणि उल्का असल्याचे कोणालाही स्वतः वाचून पाहता येते.

परग्रहवासीयांच्या भक्तांशी आमचे भांडण याहून कडक आहे. ते साक्षीदाराचा कैवार घेतात असे वाटते, पण त्यांना साक्षीदार हवा असतो तो फलकासारखा. त्याने 'मला कळले नाही' म्हटलेले त्यांना चालत नाही. वस्तुतः अशा साक्षीतले सर्वांत प्रामाणिक आणि वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत मोलाचे वाक्य तेच असते. न कळलेली गोष्ट जवळच्या शब्दांत सांगू पाहणारा माणूस भाषेच्या काठावर उभा असतो. लष्कर त्याला 'अपुरी माहिती' म्हणते, भक्त 'पुरावा' म्हणतात, आणि आपण, ज्यांना ही भाषेची कसोटी आहे हे कळायला हवे, हसून तास संपवतो.

हे आपल्याला शोभत नाही, कारण मराठी गद्याचा उगमच साक्षी गोळा करण्यात आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट गावोगाव फिरले, श्रीचक्रधरांना भेटलेल्या माणसांना विचारत गेले, ज्याला जे आठवले ते त्यांनी उतरवून घेतले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले, आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. एकाच लीळेच्या निरनिराळ्या आठवणी जिथे जुळल्या नाहीत तिथे महानुभावांनी पाठभेद राखले. अलौकिक वाटणाऱ्या अनुभवाची साक्ष कशी घ्यावी याची शिस्त आपल्या भाषेला सातशे वर्षांपूर्वी ठाऊक होती. सांगणाऱ्याचा शब्द मोडायचा नाही, दोन साक्षी बळेच एक करायच्या नाहीत. हे आपण परीक्षेला विचारतो, पाच गुणांना. ही पद्धत आज कुठे वापरता येईल हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसतो.

आणि ही शिस्त केवळ पोथीत उरली आहे असेही नाही. पोलीस ठाण्यातल्या साध्या जबाबाच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असते: जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. या वाक्याची प्रत्यक्षात किती आबाळ होते हे आम्ही जाणतो. तरी त्यात एक तत्त्व आहे, की नोंदीचा अंतिम परीक्षक सांगणारा आहे. पीझ तळावरून गेलेल्या अहवालाला असे शेवटचे वाक्य नव्हते. लष्करी अहवालाची रचनाच वरच्या दिशेने असते. तो वरिष्ठाला बरोबर वाटला की पुरे.

आम्ही लिहितो आहोत तो बदलापूरजवळच्या चामटोलीचा परिसर या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. शेजारच्या अंबरनाथला दारूगोळ्याशी संबंधित आयुध निर्माणी आहे, नौदलासाठी लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. उल्हासनगर तर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीतच वसले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले आणि आजही तिथले लोक आपला पत्ता 'कॅम्प नंबर चार' असा सांगतात. लष्कराचा शब्द लोकांच्या तोंडी किती सहज रुळतो, याचा हा पुरावा. उलटा प्रवास होतो काय? उद्या चामटोलीतल्या एखाद्या कुटुंबाने अंगणातून न ओळखता येणारे काही पाहिले, तर त्यांनी कोणाकडे जावे? ठाण्यात जावे तर गुन्हा कोणता, असे विचारले जाईल. आयुध निर्माणीच्या फाटकावर जावे तर तिथे का आलात, असे विचारले जाईल. वाहिनीकडे जावे तर तबकडी गोल होती ना, असे विचारले जाईल. काय दिसले, तुमच्या शब्दांत सांगा, असे विचारणारे दार कोणते?

आमची मागणी दोन ठिकाणी आहे. संरक्षण खात्याने आणि इस्रोने लाडबोरी, लडाख आणि इंफाळ यांसारख्या प्रकरणांतले साक्षीदारांचे जबाब, गोपनीय तेवढे वगळून आणि नावे झाकून, सांगणाऱ्याच्या मूळ भाषेत खुले करावेत; जिथे जबाब घेतलेच नसतील तिथे तसे लेखी सांगावे. ही मागणी मान्य होण्यास वर्षे जातील. दुसरी मागणी आपल्याकडेच आहे आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. मराठीच्या विभागांनी लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्यात अशा साक्षींना जागा द्यावी. ध्वनिमुद्रण करावे, बोली तशीच ठेवावी, दोन माणसांचे म्हणणे जुळले नाही तर दोन्ही लिहावे, आपले मत शेवटी आणि वेगळे लिहावे, आणि लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवावे. लाडबोरीत त्या संध्याकाळी आकाशाकडे पाहणारी माणसे आजही तिथेच राहतात. तिथे जायला कोणत्याही विभागाला फार तर एक प्रवासभत्ता लागेल. तेवढाही मंजूर करून घेता येत नसेल, तर लष्कर माणसांचे ऐकत नाही ही तक्रार करण्याचा हक्क आपण गमावला आहे.